ओढायला दोन चाकं, थांबायला चार

दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुतात, बॉनेटला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. माँट्रियलमध्ये मी गेली बावीस वर्षं हे करत आलो आहे. झेंडू दर वेळी मिळतोच असं नाही, मग शेवंतीवर भागवतो. पूजा झाली की त्याच आठवड्यात गाडी टायर बदलायला जाते. जर्मनीत यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. एवढ्या काळात गाडीला हिवाळी टायर असायलाच हवेत. आपल्या पंचांगात हा ठोकताळा दसरा ते पाडवा असा चपखल बसतो, आणि कॅनडात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी तो याच शब्दांत सांगतो.

पुण्या-मुंबईहून इथे आलेला माणूस पहिल्यांदा जी गाडी घेतो ती बहुधा लहान, जुनी आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह असते. इंजिन पुढे, आणि इंजिनाचा जोरही पुढच्याच दोन चाकांना. आपल्याकडेही आता बहुतेक लहान गाड्या अशाच. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर मागच्या चाकांवर पळायच्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आपल्या घराघरांत पोचली. ओढते आहे की ढकलते आहे, याचा कोरड्या डांबरावर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बर्फात मात्र पहिल्या मिनिटाला लागतो.

युरोपात ही रचना त्याआधीच रुजली होती. सित्रोएनने १९३४ साली जी गाडी काढली तिचं नावच ‘त्राक्स्याँ आव्हाँ’, म्हणजे ‘पुढून ओढ’. स्वीडनमध्ये विमानं बनवणाऱ्या साब कंपनीने १९४९च्या अखेरीस आपली पहिली मोटार बाजारात आणली, तीही पुढून ओढणारी. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी मिनीमध्ये इंजिन आडवं बसवलं आणि जगातल्या लहान गाडीचा आराखडाच ठरून गेला. माँटे कार्लो रॅली जानेवारीत, आल्प्सच्या बर्फातून होत असे. १९६२ आणि १९६३ साली एरिक कार्लसन यांनी साब ९६ घेऊन ती जिंकली, १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर घेऊन. दोन्ही गाड्या चिमुकल्या, इंजिनं बेताची, आणि मागे पडलेल्यांत त्यांच्यापेक्षा कितीतरी दणकट गाड्या होत्या.

हे का घडतं, ते समजायला थोडा हिशेब करू. समजा गाडीचं वजन माणसांसकट १३०० किलो आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे त्यातले साधारण ८०० किलो पुढच्या चाकांवर येतात. घर्षणाचा नियम शाळेतलाच: चाकावर जितकं वजन, तितक्या प्रमाणात त्याची पकड. कोरड्या डांबरावर हा घर्षणांक ०.८च्या आसपास असतो, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दाबल्या बर्फावर आपली पुढची दोन चाकं जास्तीत जास्त १६० किलोभराची ओढ देऊ शकतात. सपाट रस्त्यावर तेवढी पुष्कळ झाली. दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर मात्र गाडी जागेवर धरायलाच १३० किलो लागतात. तिथे काम निभावतं, पण काठावर. त्याच चढावर पातळ बर्फाची काच जमली असेल तर ओढ उरते ८० किलोंची, आणि गाडी चढणार नाही म्हणजे नाही. इंजिन कितीही दांडगं असो, रस्त्याला जेवढं देता येतं तेवढंच चाकाला मिळतं.

चढावर आणखी एक गोष्ट विरोधात जाते. गाडीचं नाक वर झालं की थोडं वजन पुढच्या चाकांवरून मागच्यांवर सरकतं, आणि ओढणारी चाकं नेमकी हवी तेव्हा हलकी होतात. म्हणून पूर्वी बर्फाळ गावांतले लोक अवघड चढ आला की गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत. आजही रिकाम्या गल्लीतला छोटा चढ असेल तर ही युक्ती चालते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती टाक’ असा सल्ला जुनी माणसं देतात. सल्ला खरा आहे, पण मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीसाठी. आपल्या गाडीत मागच्या आसाच्याही मागे वजन टाकलं तर तराजूसारखं पुढचं पारडं वर जातं आणि ओढणारी चाकं हलकी होतात. पाच-दहा किलोंची वाळूची पिशवी जरूर ठेवा. ती अडकलेल्या चाकाखाली पसरायला, वजनासाठी नव्हे.

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती मी पुस्तकात वाचली नव्हती, रस्त्यावर शिकलो.

आमचा पहिला हिवाळा. गाडी सेकंडहँड, टायर आधीच्या मालकाचे, चारही ऑल सीझन आणि जुने. नोव्हेंबरात एका गॅरेजमध्ये गेलो तर तिथल्या माणसाने समजुतीने सांगितलं, ‘पुढचे दोनच बदला. इंजिन पुढे, जोर पुढे. मागच्या चाकांना कामच काय? ती नुसती फरफटत येतात.’ नव्याने संसार मांडलेल्या माणसाला निम्म्या खर्चाचा सल्ला पटायला वेळ लागत नाही. तेव्हा क्विबेकमध्ये हिवाळी टायरांची सक्तीही नव्हती. पुढे दोन नवे हिवाळी टायर बसवले आणि पुढचे तीन आठवडे खुशीत होतो. शेजाऱ्यांच्या गाड्या जागेवर चाकं फिरवत बसायच्या आणि माझी पहिल्याच दमात बाहेर यायची.

या शहराच्या मधोमध माँ-रोयाल ही टेकडी आहे आणि तिच्या अंगावरून कोत-दे-नेज नावाचा रस्ता उतरतो. नावाचा अर्थच ‘बर्फाची चढण’. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही तिथून खाली येत होतो. शेजारी बायको, मागे चार वर्षांची मुलगी. वेग चाळिशीच्या आतच असेल. उतारावर वळण आलं, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकला हलकासा टेकवला, आणि गाडीचा मागचा भाग दार उघडावं तसा बाहेर गेला. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, पण काय घडतंय ते कळेपर्यंत आमचं तोंड ज्या दिशेने आलो त्या दिशेला झालं होतं. रस्त्याकडेला यंत्राने लोटलेल्या बर्फाच्या ढिगात मागचा बंपर रुतला आणि आम्ही थांबलो. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

घडलं ते साधं होतं. उतारावर वजन आधीच पुढे झुकलेलं असतं. ब्रेकने ते आणखी पुढे गेलं आणि मागची चाकं जवळजवळ तरंगू लागली. त्यांच्यावरचं रबर थंडीने टणक झालेलं. पुढच्या टायरांनी रस्ता घट्ट धरला, मागच्यांनी सोडला. दोन चाकं थांबू पाहत आहेत आणि दोन घसरत आहेत, अशा गाडीला गरगर फिरण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. चारही टायर वाईट असते तर कदाचित मी सरळ घसरलो असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मी इतक्या बेफिकिरीने निघालोच नसतो.

फ्रंट व्हील ड्राइव्हचा गुण हाच तिचा धोका आहे. ती निघते सहज, आणि निघाली की चालवणाऱ्याला वाटतं, रस्ता तेवढा वाईट नाही. पण ओढतात दोन चाकं. वळायला आणि थांबायला चारही लागतात. मागची चाकं गाडीची शेपूट सरळ ठेवतात, आणि ते काम दिसत नाही तोवरच नीट चाललेलं असतं. म्हणून हिवाळी टायर घालायचे तर चार, नाहीतर घालूच नका. दोनच घेण्याइतके पैसे असतील तर तेवढे दिवस बसने जा. दरवर्षी दोन-दोन बदलत असाल तर त्यातल्या त्यात नवी, खोल नक्षीची जोडी मागे बसवा. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण वर आलंच आहे.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनाही हे लागू आहे. ती गाडी निघायला चार चाकं वापरते, थांबायला तर सगळ्याच गाड्या चार वापरतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक पुरते लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबल्या बर्फावर तिला जवळपास ५० मीटर लागतात, निसरड्या काचेवर १०० मीटर. ब्रेककडे पाय जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. वेग ३० वर आणला तर ते ५० मीटर १८ वर येतात. त्या आकड्यांना गाडीची किंमत ठाऊक नसते.

मग हिवाळी टायरमध्ये असतं तरी काय? लोक नक्षीकडे बघतात, पण निम्मं काम रबराचं असतं. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर झिजू नये म्हणून कडक ठेवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते आणखी ताठरतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरेनासं होतं. बर्फ पडलेला नसतानाही ही पकड सुटते, हे ध्यानात घ्यायला हवं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर अशा हिशेबाने मिसळलेलं असतं, की ते उणे वीसलाही मऊ राहतं. दुसरं काम चिरांचं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक रस्त्याला टेकलं की त्या फाकतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला चावतात. मोठ्या खाचांत बर्फ ठासून भरतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो, हे लहानपणी बर्फाचा गोळा करून पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

या टायरचा जन्म फिनलंडमधला. तिथल्या सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ साली मोटारींसाठी हक्कापेलिइत्ता. तोच कारखाना आज नोकियन या नावाने ओळखला जातो. तो नोकिया गावचा, आणि आपल्या खिशातल्या जुन्या फोनच्या कंपनीशी त्याचं नातं खरंखुरं आहे.

दुकानात गेलात की टायरच्या अंगावरचं चिन्ह बघा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल. १९९९ पासून वापरात असलेलं हे चिन्ह टायर बर्फावरच्या चाचणीत उतरल्याचं सांगतं. नुसतं ‘एम अधिक एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं असेल तर ते खाचांच्या आकाराबद्दलचं उत्पादकाचं म्हणणं, त्यामागे तशी चाचणी नाही. आणि ‘ऑल सीझन’ या नावाने तर मला कायम चीड येते. ज्यांनी ते ठेवलं त्यांचे सगळे ऋतू कॅलिफोर्नियातले असावेत. क्विबेकमध्ये आता १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लागतात. शेजारच्या ओंटॅरिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर बसवले तर विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यायलाच हवी असा नियम २०१६ पासून आहे. ती न मागणारी कितीतरी मराठी घरं मी टोरंटोत पाहिली आहेत.

रुंद टायर दिसायला दिमाखदार, पण बर्फात उणे. अरुंद टायर तेवढंच वजन कमी जागेवर देतो आणि भुसभुशीत बर्फ कापून खाली पोचतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर एक इंच लहान पोलादी रिमवर अरुंद हिवाळी टायर कायमचे चढवून ठेवावेत. दर हंगामाला टायर रिमवरून काढून पुन्हा चढवण्याचा खर्च आणि झीज वाचते. नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर चालत असला तरी बर्फापुरता तो संपला. ऑस्ट्रियात तर कायदाच चार मिलिमीटर मागतो. बाणाची खूण असेल तर टायर त्याच दिशेने फिरायला हवा, आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा ठरल्या जोराने आवळून घ्यायचे. हे विसरलं जातं.

खिळ्यांचे टायर गोठलेल्या काचेवर सगळ्यांत उत्तम, पण कोरड्या रस्त्याला ते खरवडून काढतात. जपानमध्ये त्या धुळीने शहरं काळवंडली, लोक खोकू लागले आणि १९९० साली कायद्याने हे टायर हद्दपार झाले. त्याच सुमारास तिथे सूक्ष्म छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराचे टायर आले, बर्फावरचा पाण्याचा पातळ थर शोषून घेणारे. हा थर म्हणजे निसरडेपणाचं मूळ. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण त्यावर पाणी सुटलेलं असतं. आपल्या बोलण्यात सगळ्याला एकच शब्द, बर्फ. चालवणाऱ्याला मात्र भुसभुशीत, दाबलेला, पाणी सुटलेला आणि डांबरावर दिसतच नाही असा काळा, हे चार वेगळे ओळखता यायला हवेत. काळा बर्फ पुलावर आधी जमतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो.

टायरची हवा थंडीत आपोआप उतरते. वीस अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा उणे वीसला सहा-सात पीएसआयने कमी भरते. पंक्चर नाही, वायूचा नियम. महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी असताना मोजा आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. ‘बर्फात पकड वाढावी म्हणून हवा थोडी कमी ठेवा’ हे वाळूतलं शहाणपण आहे, रस्त्यावर आणू नका.

आता बॉनेट उघडू. इथे वेळ थोडा लागतो, पण चुकलं तर सकाळी सातला कळतं.

बॅटरी आधी. उणे अठराला तिची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमकं तेव्हाच तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. म्हणून बॅटरीवर छापलेला थंडीचा आकडा, सीसीए, उणे अठरालाच मोजलेला असतो. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर ऑक्टोबरात तपासून घ्या. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठूही शकते. भरलेली बॅटरी त्या थंडीत काही केल्या गोठत नाही.

तेलाच्या डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. शून्य डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ला होते, पाच डब्ल्यूची उणे ३०ला. पुस्तिकेत दोन्ही चालत असतील तर शून्याचं घ्या. कूलंटमध्ये ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७पर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण असं समजून कोणी नुसतं ग्लायकॉल ओततं, आणि ते उणे १३लाच गोठतं. दोन्ही पदार्थ एकमेकांना गोठू देत नाहीत, एकटे पडले की दोघेही गोठतात. नुसतं पाणी तर मुळीच नको. ते गोठताना नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचं ओतीव धड चिरतं.

काच धुण्याच्या टाकीत आपण भारतात साबणाचं पाणी घालतो. इथे ते पहिल्याच रात्री नळीसकट गोठेल. उणे चाळीसचं निळं द्रावण मिळतं ते भरा. त्यात मिथेनॉल असतं, म्हणून कॅन मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. मीठ आणि चिखल मिसळलेलं पाणी ट्रकच्या चाकांवरून काचेवर आलं की दोन सेकंद काही दिसत नाही. त्या दोन सेकंदांसाठी ही टाकी भरलेली हवी. हँडब्रेक ओल्या थंडीत गोठून अडकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा.

विनिपेग किंवा एडमंटनला गेलात तर गाड्यांच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसेल. इंजिन रात्रभर कोमट ठेवणारा हा हीटर नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी शोधला, १९४९ साली त्याचं पेटंट मिळालं. उणे वीसच्या खाली वारंवार जाणाऱ्या गावात तो चैनीचा नव्हे.

रस्त्यावरच्या मिठाबद्दल कोकणातल्या माणसाला जास्त सांगायला नको. खारी हवा पत्रा कशी खाते ते त्याने रत्नागिरीत पाहिलेलं असतं. मीठ पाण्याचा गोठणांक खाली नेतं, पण उणे दहाच्या खाली त्याचं काम मंदावतं आणि उणे २१च्या पलीकडे साधं मीठ काहीच करू शकत नाही. गंज मात्र आपलं काम करत राहतो. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, दारांच्या खालच्या कडा. हंगामाआधी खालून तेलाचा फवारा मारून घ्या आणि शून्याच्या वर गेलेल्या दिवशी गाडी खालूनही धुवा.

हिमालयात जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी इथे थोडं थांबतो. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगच्या पोटातला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून थेट लाहौलच्या बर्फात उतरणं सोपं झालं. तेव्हापासून एमएच पाट्यांच्या लहान गाड्या हिवाळ्यात तिथे जाऊ लागल्या, पुण्यातल्या पावसासाठी बनलेल्या टायरांवर. बर्फ पडला की पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, आणि ते बरोबरच करतात. हुज्जत घालू नका, स्थानिक टॅक्सी करा. स्वतः जायचंच असेल तर साखळ्या आपल्या मापाच्या घ्या आणि घरी अंगणात दोनदा लावून बघा. फ्रंट व्हील ड्राइव्हला त्या पुढच्या चाकांना लागतात. मागे लावल्या तर ओढणारी चाकं उघडीच राहतात. ही साखळी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड यांची, पेटंट १९०४चं. वेग पन्नासच्या खाली ठेवायचा आणि डांबर लागलं की काढायच्या. उतारावर साखळ्यांनी धरलेला पुढचा भाग आणि मोकळा मागचा भाग, ही कोत-दे-नेजवरची माझीच गोष्ट पुन्हा आहे, तेव्हा वळणावर ब्रेक मारू नका. वेग वळणाआधीच उतरवा.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही. हे वाचून येत नाही. पहिला बर्फ पडला की एखाद्या मोठ्या रिकाम्या आवारात, परवानगी घेऊन, तासभर जा. ताशी वीसने चालवा आणि मुद्दाम ब्रेक दाबा. पायाखाली एबीएसची थरथर कशी लागते ते कळू द्या, म्हणजे खरी वेळ आली तेव्हा दचकून पाय उचलणार नाही. स्टेअरिंग जास्त वळवून बघा. गाडी सरळच जात राहील. अशा वेळी आणखी वळवायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग थोडं सरळ करायचं आणि चाकांना पकड मिळण्याची वाट बघायची. मागचा भाग सुटला तर जिथे जायचं आहे तिकडे नजर आणि तिकडेच स्टेअरिंग. घरात जे जे चालवतात त्या प्रत्येकाने हे करायचं. नवऱ्याला येतं म्हणून बायकोचं राहून गेलं, असं होऊ देऊ नका.

गाडी रुतली तर चाकं गरगरवू नका, खालचा बर्फ वितळून काच होते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, पुढच्या चाकांपुढचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा, वाळू पसरा आणि पुढे-मागे हळूहळू झुलवत बाहेर या. त्यासाठी डिकीत फावडं, वाळू, जंपर केबल, टॉर्च, दोन ब्लँकेटं, फोनचा चार्जर आणि खाण्याचं काहीतरी हवं. आम्ही चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवतो, ते गोठले तरी चावता येतात. इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

आणि शेवटी, बाहेर निघताच आलं नाही तर. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेली माणसं रात्रभर रस्त्यावर अडकली. किमान २२ जण आपल्याच गाड्यांत गेले. त्यात मुलं होती. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हे कारण सांगितलं गेलं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर आत येतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आधी फक्त झोप येते. अडकलात तर गाडी सोडून वादळात चालत जाऊ नका. मदत मागवा आणि आत एकमेकांना चिकटून बसा. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, किल्ली फिरवण्याआधी खाली उतरून मागे जा आणि सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने मोकळा करा.